डिझेल सोडून छाटणीच्या लाकडाकडे: पुण्यातल्या एका धुलाई केंद्राचं प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्याच्या दक्षिण भागातलं हे धुलाई केंद्र. रुग्णालयांच्या चादरी, गाऊन, हॉटेलांचे टॉवेल असा रोज साधारण एक टन कपडा इथे येतो. धुणं गरम पाण्यात, वाळवणं आणि इस्त्री वाफेवर. नाव, नेमकी जागा आणि गिऱ्हाइकं ओळखू येतील असे तपशील मी वगळले आहेत, आकडे ढोबळ केले आहेत.

मी ऊर्जा-लेखापरीक्षणाचं काम करते. नोव्हेंबर २०२२ मध्ये इथे पहिल्यांदा गेले. मालकांना सगळे दादा म्हणतात. हिशेब त्यांच्या पत्नी पाहतात, त्या सगळ्यांच्या वहिनी. बॉयलरवर मामा. त्यांच्याकडे सेकंड क्लास अटेंडंटचं प्रमाणपत्र आहे आणि हयात वाफेत गेली आहे.

ताशी ६०० किलो वाफेचा डिझेल बॉयलर रोज २२० लिटर डिझेल पीत होता. लिटरचा भाव नव्वदच्या वर, म्हणजे दिवसाचे २० हजार रुपये. धुलाईच्या बिलातला जवळजवळ निम्मा पैसा जाळण्यात जायचा. शेजारच्या सोसायटीत त्याच आठवड्यात गुलमोहर आणि सोनमोहर छाटले होते, आणि त्या फांद्या उचलून न्यायला ठेकेदार सोसायटीकडूनच पैसे घेत होता. दादा मला गच्चीवर घेऊन गेले, तो ढीग दाखवला आणि म्हणाले, "ताई, लोक लाकूड न्यायला पैसे मोजतात आणि मी जाळायला डिझेल विकत घेतो. हे गणित कुठंतरी चुकतंय."

अडचण

गणित खरंच चुकत होतं, पण दादांना वाटलं तितकं सरळ नव्हतं. डिझेलच्या एका किलोत सुमारे १०,८०० किलोकॅलरी असतात आणि त्यांत जुलैमध्ये आणि मार्चमध्ये फरक पडत नाही. पूर्ण कोरड्या लाकडात किलोला ४,५०० च्या आसपास असतात, पण पूर्ण कोरडं लाकूड कुणाच्याच अंगणात नसतं.

शिवाय इथला माल पांढरा. कॅलेंडर मशीनला, म्हणजे चादरी सरळ करणाऱ्या मोठ्या गरम रोलरला, ७ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाबाची वाफ लागते. त्या दाबाला वाफेचं तापमान १७० अंश असतं. दाब ४ किलोवर आला की १५२. हे अठरा अंश गेले तर चादर ओलसर बाहेर पडते. म्हणजे वाफ नुसती स्वस्त असून भागणार नव्हतं, ती दिवसभर एकसारखी हवी होती आणि आवारात काजळी नको होती.

समोरचे पर्याय

पाइपने येणारा नैसर्गिक वायू हा पहिला विचार. पुण्यात तो आहे, पण या गल्लीपर्यंत वाहिनी आलेली नव्हती आणि कधी येईल याचं लेखी उत्तर मिळालं नाही.

दुसरा पर्याय पांढरा कोळसा. भुईमुगाची टरफलं, लाकडाचा भुसा, उसाची चिपाडं, सोयाबीनचं काड दाबून केलेल्या कांड्या. यात बाहेरून चिकटवायला काही घालत नाहीत. दाबामुळे माल तापतो, लाकडातलं लिग्निन, म्हणजे त्याचे धागे जोडून ठेवणारं द्रव्य, मऊ होतं आणि थंड झाल्यावर तेच सगळं धरून ठेवतं. त्यासाठी माल आधी १०-१२ टक्के ओलाव्यापर्यंत सुकवावा लागतो, त्यामुळे विकत घेणाऱ्याला कोरडं इंधन मिळतं. किलोला सुमारे ४,००० किलोकॅलरी, भाव त्या वेळी आठ-साडेआठ रुपये.

तिसरा, छाटणीच्या फांद्या आणि भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटच्या सॉ मिलमधले कडेचे तुकडे गोळा करून स्वतः चिप्स, म्हणजे बारीक ढलप्या, करायच्या. दादांचं मन इथे होतं.

चौथा गॅसिफायर. कमी हवेत लाकूड जाळून निघणारा वायू बर्नरला द्यायचा. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना तेव्हा आपल्याकडे बसगाड्या अशाच कोळशाच्या गॅसवर धावल्या. पण गॅसिफायरला एकसारख्या मापाचे, सुके तुकडे लागतात, नाहीतर डांबर साचून नळ्या चोंदतात. सोसायट्यांतून येणाऱ्या मिसळीवर तो चालवणं जोखमीचं होतं, म्हणून मी नको म्हटलं.

दादांचा मुलगा अभियांत्रिकीला आहे. त्याने विचारलं, लाकडापासून थेट द्रव इंधन का नाही? प्रश्न रास्त होता. पुण्याच्याच प्राज कंपनीचं तंत्रज्ञान वापरून पानिपतला इंडियन ऑइलचा भाताच्या काडापासून इथेनॉल काढणारा कारखाना २०२२ मध्ये सुरू झाला, रोज एक लाख लिटर क्षमतेचा. पण ते काम त्याच मापात परवडतं. एका धुलाई केंद्राच्या वाफेला तेवढी यंत्रणा उभी करत नाहीत. कोळसा पाडण्याचाही विषय निघाला. डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेने उसाच्या पाचटापासून कांडी कोळसा करून २००२ मध्ये अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळवला होता, वहिनींनी त्याबद्दल वाचलं होतं. शेतात पेटवून दिलं जाणारं पाचट चुलीच्या कामी येतं, म्हणून तिथे ते मोलाचं. आम्हाला मात्र बॉयलरखाली लाकूड जसंच्या तसं जाळता येत होतं. कोळसा पाडताना बरीच उष्णता धुरावाटे जाते, ती घालवण्यात अर्थ नव्हता.

काय ठरलं आणि का

जाळीवर हाताने इंधन घालायचा, ६०० किलोचाच घन इंधनाचा बॉयलर घ्यायचा. चिप्स आणि पांढरा कोळसा दोन्ही चालतील असा. डिझेलचा बॉयलर मोडीत न काढता राखीव ठेवायचा. सोबत चिपर, म्हणजे फांद्यांच्या चिप्स करणारं यंत्र. धुरासाठी सायक्लोन, म्हणजे धूर गरगर फिरवून जड कण खाली पाडणारं नळकांडं, आणि त्यामागे कापडी पिशव्यांचा बॅग फिल्टर. बाष्पके संचालनालयाची नोंदणी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात इंधनाचा बदल ही कामं वहिनींनी अंगावर घेतली आणि वेळेत पुरी केली.

याच टप्प्यावर दोन गोष्टी अशा ठरल्या की त्यांची किंमत पुढे मोजावी लागली.

एक, शेड. चिप्स ठेवायला पत्र्याची, तिन्ही बाजूंनी वारा खेळेल अशी शेड माझ्या अहवालात होती. अंदाज ६ लाखांचा होता. बॉयलर, चिपर आणि फिल्टर यांत पैसा संपत आला, तेव्हा दादा म्हणाले, "या वर्षी ताडपत्रीवर भागवू, शेड पुढच्या वर्षी." मी विरोध नोंदवला, पण ताणून धरला नाही.

दोन, ओलाव्याचा आकडा. मार्च २०२३ मध्ये मी आवारात पडलेल्या फांद्यांचा नमुना घेतला, तो १८ टक्के भरला. तोच आकडा धरून मी वर्षाचा हिशेब मांडला. पुण्यात फेब्रुवारी ते मे हवा इतकी कोरडी असते की महिनाभर पडलेली मनगटाएवढी फांदी आपसूक सुकते. तो नमुना मार्चचा होता आणि मी तो बारा महिन्यांना लावला. ही चूक माझी.

पहिला पावसाळा

एप्रिलच्या मध्यावर बॉयलर पेटला. मे महिना सुरेख गेला. डिझेलचं बिल शून्यावर आलं, मामांनी जाळीची नस ओळखली. २०२३ ला पाऊस उशिरा आला, जून जवळजवळ कोरडाच गेला आणि आमचा गैरसमज आणखी पक्का झाला. वळवात पडलेली आणि पावसाळ्याआधी छाटलेली झाडं याच काळात सगळ्यात जास्त येतात. टेम्पोमागून टेम्पो आले. जागा कमी म्हणून आलेल्या फांद्यांच्या त्याच दिवशी चिप्स करून पुरुषभर उंचीचा ढीग घातला, वर ताडपत्री.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात वहिनींचा फोन आला. "ताई, चिप्स दुप्पट लागतायत आणि चादरी ओल्याच निघतायत."

मी गेले तेव्हा कॅलेंडरवर काम करणाऱ्या मावशींनी मला चादरीचा कोपरा हाताच्या मागच्या बाजूला लावून दाखवला. गार लागला. दाबाचा काटा चारवर होता. भट्टीचं दार उघडलं तर आतल्या चिप्स जळत नव्हत्या, त्यांच्या टोकांतून फेस येत होता आणि त्या सूं सूं वाजत होत्या. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात. या जाळीवर ओल्यापायी सुकंही विझत होतं.

नमुना घरगुती ओव्हनमध्ये १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत ठेवला. एक किलोचे ५३० ग्रॅम उरले. म्हणजे ४७ टक्के पाणी. टनाचा टेम्पो वजनकाट्यावर चढत होता, तेव्हा त्यात पावणेपाचशे लिटर पाणी असायचं. ते पाणी आधी वाफ होऊन धुराड्यातून जाणार आणि मगच लाकूड पेटणार. १५ टक्के ओल्या चिप्समधून किलोला हाती ३,४०० च्या आसपास किलोकॅलरी येतात, निम्मं पाणी असेल तर जेमतेम १,८००. वहिनींना दुप्पट चिप्स लागत होत्या, त्याचं कारण एवढंच होतं.

मग धूर. ओलं लाकूड गार जळतं, आणि गार जाळातला अर्धवट वायू काजळी होऊन बाहेर पडतो. शेजारून तक्रार आली. त्याहून वाईट म्हणजे वाळवणी यंत्रांची हवा ओढणारी तोंडं बॉयलरच्याच बाजूला होती. एका रुग्णालयाने चादरींचा गठ्ठा परत पाठवला. मी त्यातली एक उलगडली. पांढऱ्या कापडावर तिळाएवढे काळे ठिपके, बोटाने पुसायला गेलं की लांब रेघ ओढली जाते. रुग्णाच्या अंगाखाली जायचं कापड होतं ते. दादा बराच वेळ काही बोलले नाहीत.

त्याच आठवड्यात मामांनी पहाटे ढिगातून वाफ निघताना पाहिली. लोखंडी सळई ढिगात खुपसली, दहा मिनिटांनी काढली तर मुठीत धरवेना. ओल्या चिप्सच्या ढिगात बुरशी आणि जिवाणू काम करतात, त्याची उष्णता आतच कोंडते. ताडपत्रीने ती आणखी कोंडली. असा ढीग एकदम फोडला तर हवा मिळून तो पेटू शकतो. पाण्याचा पाइप हाताशी ठेवून, कडेकडेने थोडा थोडा उपसून पसरायला दोन दिवस लागले. बंद खोलीत चिप्स भरायचा विचार मध्येच कुणीतरी मांडला होता, तो मी तिथेच थांबवला. साठलेल्या लाकडातून कार्बन मोनॉक्साइड सुटतो, त्याला वास नसतो आणि खोलीत शिरलेल्या माणसाला ते कळत नाही.

जुलैत अकरा दिवस डिझेलचा बॉयलर चालवावा लागला. तो ठेवला होता म्हणून गिऱ्हाइकं टिकली.

दुरुस्ती

लगेच करायच्या गोष्टी तीन होत्या. ओल्या चिप्स पूर्ण बंद, पावसाळाभर फक्त पांढरा कोळसा. वाळवणी यंत्रांची हवेची तोंडं इमारतीच्या दुसऱ्या बाजूला हलवून त्यांना जाळी-फिल्टर. आणि वाफेच्या गळत्या. हे शेवटचं नोव्हेंबरच्याच अहवालात होतं, पण नव्या बॉयलरच्या घाईत मागे पडलं होतं. वाफ अडवून फक्त पाणी बाहेर सोडणाऱ्या अकरा स्टीम ट्रॅपपैकी तीन गळत होते, कंडेन्सेटचं, म्हणजे वाफेचं परत झालेलं, गरम पाणी गटारात जात होतं, दोन नळ्यांवर लॅगिंग, म्हणजे उष्णता धरून ठेवणारं वेष्टन, नव्हतं. बॉयलरला जाणारं पाणी सहा अंशांनी जास्त गरम असेल तर इंधन सुमारे एक टक्का वाचतं. कंडेन्सेट टाकीत परत आणलं, ट्रॅप बदलले, लॅगिंग केलं. इंधनाची गरज सातव्या हिश्शाने उतरली.

ऑगस्टमध्ये एक निसरडा प्रसंग आला. एका पुरवठादाराने कडुलिंब आणि बाभळीचे सुके ओंडके देऊ केले, पांढऱ्या कोळशाच्या निम्म्या भावात, हवे तेवढे. माल उत्तम होता. मामांनी दोन तुकडे एकमेकांवर आपटले, टणटणीत आवाज आला. वहिनींनी विचारलं, "कुठून तोडलेत? परवानगीचा कागद?" कागद नव्हता. शहरात झाड तोडायला १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, शहराबाहेर काही जातींसाठी १९६४ चा कायदा आहे. अडचणीच्या महिन्यात दादांनी तो माल परत पाठवला. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत मोलाचा वाटलेला निर्णय हाच. छाटलेली फांदी पुन्हा फुटते, म्हणून तिच्या धुरातला कार्बन झाड पुन्हा ओढून घेईल असं म्हणता येतं. उभं झाड मुळापासून तोडून बॉयलरमध्ये घातलं तर तो दावा उरत नाही.

शेड ऑक्टोबरमध्ये उभी राहिली. ती कशी भरायची हे आम्हाला एका जुन्या वखारवाल्या काकांनी शिकवलं. आम्ही आल्या आल्या चिप्स करत होतो, ते त्यांना पटेना. फांदी आधी सुकवा, मग कापा. फांद्या जमिनीपासून वीतभर उंच, एक थर उभा एक आडवा, मधून वारा जाईल अशा रचायच्या. मनगटाहून जाड असेल ती फोडायची, कारण साल ओल सोडत नाही. चिप्स फक्त दोन दिवस पुरतील एवढ्याच करायच्या. जून ते सप्टेंबरची बेगमी मेअखेर शेडमध्ये आत. आजही तसंच चालतं.

फाटकावर ओव्हन आणि तराजू आला. पैसे टेम्पोच्या वजनावर द्यायचे बंद करून ओलावा वजा करून द्यायचे ठरले. सॉ मिलवाले आधी कुरकुरले. दोन महिन्यांनी तेच माल झाकून आणू लागले.

काय घ्यायचं नाही याचा फळा वहिनींनी फाटकावरच लावला. नारळाच्या झावळ्या नाहीत, त्यांचे धागे चिपरच्या पात्यांना गुंडाळतात आणि राखेत क्षार जास्त असल्याने जाळीवर खंगर धरतात. पाला आणि झाडलोट नाही, पाल्यातला पोटॅश आणि मातीतली वाळू मिळून काचेसारखे गोळे होतात, मामांना ते पहारीने फोडावे लागायचे. प्लायवूड, एमडीएफ, रंगवलेलं लाकूड नाही, त्यात डिंकाची आणि रंगाची रसायनं असतात. चाकण-भोसरीच्या पॅकिंग पेट्या चालतात, पण शिक्का बघून. 'एचटी' म्हणजे उष्णतेने निर्जंतुक केलेलं, ते घ्यायचं. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते परत. खिळ्यांसाठी चिपरच्या तोंडाशी चुंबक बसवला.

निकाल

२०२४ चा पावसाळा जोरदार होता. २५ जुलैला सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी शिरलं, निम्मी माणसं कामावर पोचू शकली नाहीत. त्या दिवशी दुपारी दाबाचा काटा सातवर होता. पूर्ण हंगामात डिझेल दोनदा लागलं, दोन्ही वेळा बॉयलरच्या देखभालीसाठी.

रोज आता सुमारे २०० किलो पांढरा कोळसा आणि ३६० किलो चिप्स जळतात. जादा माणूस, चिपरची वीज, टेम्पो, फिल्टरच्या पिशव्या धरून दिवसाचा खर्च साडेपाच हजारांच्या आसपास. डिझेलचे २० हजार होते. रंगवलेलं लाकूड जळत नसल्याने रोज निघणारी दहा-बारा किलो राख शेतकरी घेऊन जातात.

पण वहिनींनी या आकड्यांची फोड केली तेव्हा मी थबकले. मोठी बचत डिझेल सोडल्याने झाली, तीही पांढऱ्या कोळशाने आपोआप झाली असती. स्वतःच्या चिप्सचा खर्च किलोमागे पाच रुपये धरला, तर तेवढीच उष्णता विकतच्या कांड्यांतून घेण्यापेक्षा रोज साडेआठशे-नऊशे रुपयेच वाचतात. महिन्याला २२-२३ हजार. चिपर आणि शेडचे साडेदहा लाख फिटायला जवळजवळ चार वर्षं. दादा तरी चिप्स सोडायला तयार नाहीत. पावसाळ्यात कांड्यांचा भाव चढतो, आणि औष्णिक वीज केंद्रांनी कोळशात जैवभाराच्या गोळ्या मिसळाव्यात हे केंद्र सरकारचं धोरण २०२१ मध्ये आल्यापासून या मालाला मोठी गिऱ्हाइकं मिळाली आहेत. घरचं लाकूड असलं की भावाची घासाघीस करता येते, हे त्यांचं म्हणणं मला मान्य आहे.

वेगळं काय करता आलं असतं

गळत्या आधी काढायला हव्या होत्या. सातवा हिस्सा गरज आधीच कमी झाली असती तर बॉयलर एक माप लहान चालला असता. हाताने इंधन घालायचा बॉयलर कमी भारावर चालवला की धूर वाढतो, तो त्रास आजही दुपारच्या सुट्टीत होतो.

पहिलं वर्ष फक्त पांढऱ्या कोळशावर काढायला हवं होतं. बॉयलर, माणसं, धूर यांची घडी तेवढ्यात बसली असती आणि आमच्या आवारातल्या फांद्यांचा बारा महिन्यांचा ओलावा हातात आला असता. चिपरच्या आधी शेड. पैसे एकाच गोष्टीला असतील तर शेडलाच, कारण छप्पर असेल तर कोयत्याने तोडलेली फांदीही जळते, छप्पर नसेल तर चिपर फक्त ओल्याचे तुकडे करतो. आता कुणी अहवाल मागितला तर शेड वगळून मी पुढचे आकडे देत नाही. नमुने मार्च, जुलै आणि ऑक्टोबर असे तीनदा घेते.

वाळवणी यंत्रांची तोंडं कुठे आहेत हे मी पहिल्या भेटीत पाहिलं होतं, आराखड्यावर खूणही केली होती. बॉयलरची जागा ठरवताना तो कागद कुणी उघडला नाही, मीही नाही.

धुराड्यातून जाणाऱ्या गरम हवेवर फांद्या सुकवायच्या का, हा प्रश्न अजून मिटलेला नाही. ठिणगीची भीती मामांना आहे आणि ती खरी आहे. सध्या शेडच्या एका कप्प्यात, बॅग फिल्टरमधून गाळून आलेल्या हवेवर वीस किलोची एक जाळीदार पेटी ठेवली आहे. मामा रोज सकाळी ती तराजूवर ठेवतात आणि वजन भिंतीवर खडूने लिहितात.